नवी तट्टाणी (ठेंगणी घोडी) बागडोरीवर (धरून चालवायच्या दोरावर) ओढून नेते, हातात ठरत नाही: नेमके टप्पे सांगा

बोरीकाठ (पारोळा)

राम राम मंडळी. सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेली तट्टाणी आहे. रंग कुमैत (तांबूस-तपकिरी), उंची ५० इंच. पुढच्या दातांत मधले आणि त्यांच्या शेजारचे बदललेत, कोपऱ्याचे अजून दुधाचे आहेत, म्हणजे वय साडेतीन ते साडेचार. मारकी नाही, चावत नाही. अडचणी अशा:

१) गोठ्याच्या फाटकातून बाहेर पडताना उसळी घेऊन निघते आणि माणसाला फरफटत नेते.
२) उभी केली तर थांबत नाही. माणसाभोवती फिरते, खांद्यानं ढकलते.
३) बांधली की खिंकाळते, मागं बसून दावं ताणते.
४) मोटारसायकल, उडती पन्नी (प्लॅस्टिकची पिशवी), काहीही दिसलं की बुजते.

सध्याची चंदी (दाण्याचा खुराक) ३ किलो हरभरा-बाजरीचा भरडा, वर कडबा. विकणाऱ्यानं सांगितली तीच चालू ठेवली आहे. गावातले लोक म्हणतात काटेरी लगाम घाला, दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप नरमेल. ते करायचं नाही. घरात लहान पोरं आहेत, म्हणून जमिनीवरचं वागणं आधी पक्कं व्हायला हवं. बसणं नंतर. "प्रेमानं घ्या" एवढ्यानं भागत नाही, हात कुठं, पाय कुठं, दोर किती ते सांगा.

चंदी_चारा (चोपडा)

भो, तुमचा निम्मा प्रश्न तोबऱ्यात आहे. बाजारात जनावर तेजीत दिसावं म्हणून चंदी चढवलेली असते. तीच घरी चालू ठेवायची आणि काम मात्र शून्य, मग ती ताकद जाणार कुठं?

आधी वजन काढा. छातीचा घेर कोपरामागून टेपनं मोजा. लांबी खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या (कुल्ल्याच्या) मागच्या हाडापर्यंत. दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०, उत्तर किलोत येतं. समजा घेर १४० आणि लांबी १२८ निघाली तर वजन साधारण २११ किलो. अशा जनावराला दिवसाला वजनाच्या २ टक्के, म्हणजे सव्वाचार किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. हलक्या कामाला तेवढ्यावर भागतं. ३ किलो भरडा म्हणजे चारा कमी आणि दारूगोळा जास्त.

पण एकदम तोडू नका, पोट बिघडतं. दर दोन दिवसांनी अर्धा किलो कमी करत ८-१० दिवसांत अर्ध्या किलोवर आणा, आणि जेवढा भरडा कमी तेवढा चारा वाढवा. चारा एका वेळी टाकू नका, चार-पाच वेळा विभागून द्या. घोड्याचं पोट लहान आणि सतत चरण्यासाठी बनलेलं. रिकाम्या पोटाचं जनावर जास्त चुळबुळ करतं, त्यामुळं उपाशी ठेवायचा सल्ला उलटाच पडतो.

कडबा कुट्टी करून द्या, सोबत किलोभर लसूण घास. मीठ रोज २० ग्रॅम. कोरड्या चाऱ्यावर पाणी कमी पडलं की आतडं तुंबून पोटशूळ उठतो, म्हणून पाणी समोर कायम हवं. हिरवी कोवळी ज्वारी घोड्याला नकोच, मूत्राशय आणि मागच्या पायांच्या नसा खराब होतात. आणखी एक, कोंबडीखाद्य किंवा घटक माहीत नसलेली गुरांची पेंड चुकूनही नको. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असलं तर गाय पचवते, घोडा मरतो.

औषधपेटी (धुळे)

वरच्याला जोड. वागणूक सुधारायच्या आधी दुखणं नाही ना, ते बघा. डोकं झटकणारं, ओढणारं जनावर कित्येकदा तोंडाच्या कडेच्या जखमेमुळं तसं करतं. ओठांचे कोपरे, जीभ, खालच्या जबड्यावरची दातांमधली मोकळी जागा तपासा. या वयात दात बदलत असतात, हिरड्या हुळहुळ्या असतात. पाठीवर बोटं दाबत न्या, जिथं कातडी थरथरते किंवा पाठ खाली जाते ती जागा लक्षात ठेवा. कानांमागं मोहरकीनं (तोंडावर घालायच्या दोराच्या किंवा पट्ट्याच्या साजानं) सोललेलं आहे का बघा.

बाजारातून आलेलं जनावर २१ दिवस इतर घोड्या-गाढवांपासून वेगळं, बादली आणि खराराही (अंग घासायचा ब्रश) वेगळा. रोज सकाळी ताप: ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. जबड्याखाली गाठ, नाकातून घट्ट पिवळा स्राव किंवा नाकात व्रण दिसला तर हात न लावता पशुवैद्यकांना बोलवा. ही ग्लँडर्स या जिवाणूजन्य रोगाची लक्षणं असू शकतात, तो माणसालाही होतो, त्यामुळं तपासणीचा दाखला हातात आहे ना ते पाहून ठेवा. धनुर्वाताच्या लसीचा पूर्वीचा हिशेब माहीत नसेल तर दोन मात्रा ४ ते ६ आठवड्यांच्या अंतरानं. घोडा धनुर्वाताला फार नाजूक, आणि आपल्या वावरात पऱ्हाटीचे (कापसाच्या झाडांचे) खुंट असतातच.

मादी आहे म्हणून हेही सांगतो. पौषात बहुतेक घोड्या माजावर येत नाहीत. दिवस मोठा होऊ लागला की दर २१ दिवसांनी ५ ते ७ दिवस माज, त्यात चिडचिड आणि खिंकाळणं वाढतं. तेव्हा "शिकलेलं विसरली" असं धरू नका.

खरारा (शहादा)

आता हातापायाचं. दादा, सरळ रेषेत ओढाओढी झाली की २०० किलोचं जनावर जिंकणारच. तिची मान, खांदे आणि मागचे पाय एका ओळीत आले की सगळा जोर छातीतून पुढं जातो. मान तुमच्याकडं वाकली की मागचे पाय बाजूला पडतात आणि जोर मोडतो. सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. ताकद लावायची नाही, कोन साधायचा.

सामान आधी. मोहरकी रुंद सुती किंवा पट्ट्याची. नाकपट्टी गालाच्या हाडाच्या दोन बोटं खाली, आणि पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. ती खाली नाकपुड्यांवर उतरली तर श्वास अडतो, जनावर घाबरून आणखी लढतं. बागडोर ३.५ ते ४ मीटर, सुती, अंगठ्याएवढी जाड. नायलॉनची बारीक दोरी हात कापते. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, उरलेला भाग घड्या करून मुठीत धरायचा. गुंडाळलेला दोर ताणला की बोटं जातात. कातडी हातमोजे, बंद बूट, आणि हातभर लांब छडी. छडी मारायला नाही, हात लांब करायला.

जागा: रिकामं वावर चालेल, पण पऱ्हाटी उपटून खुंट वेचलेलं हवं. नांगरलेली मऊ जमीन उत्तम, जनावराला उसळायला जड जातं आणि पडलं तरी लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ किंवा कोणताही वर्दळीचा रस्ता जवळ असेल तर कुंपण असलेली जागाच घ्या.

उभं कुठं राहायचं: डाव्या बाजूला, तिच्या मानेच्या मध्यावर, हातभर अंतर. घोड्याला अगदी कपाळासमोर आणि शेपटीमागं दिसत नाही. समोर उभे राहिलात तर ती बुजल्यावर तुमच्याच अंगावरून जाईल. खांद्याच्या मागं राहिलात तर तुम्ही तिला हाकताय असं तिला वाटतं, ती पुढंच पळते.

पहिला धडा, मागं सरणं. उजवा हात मोहरकीखाली एक वीत अंतरावर. दोर मागं, तिच्या छातीकडं हलकासा दाबा. हिसका नाही. दाब तसाच ठेवून थांबा. पाय न उचलता तिनं नुसतं वजन मागं टाकलं तरी त्याच क्षणी ढील द्या. एक श्वास थांबा. पुन्हा. दाबानं जनावर शिकत नाही, ढिलीनं शिकतं. ढील उशिरा मिळाली तर काय केल्यामुळं सुटका झाली हे तिला कळतच नाही. हलक्या दाबाला उत्तर आलं नाही तर दाब हळूहळू वाढवा, छडीचं टोक छातीला टेकवा, पण उत्तर येण्याआधी सोडू नका. अर्ध्यात सोडलंत तर "अडून बसलं की सुटतं" हा धडा पक्का होतो.

दुसरा, पुठ्ठा वळवणं. बागडोर धरून तिची मान थोडी तुमच्याकडं घ्या, दुसऱ्या हातानं छडी मांडीच्या दिशेनं फिरवा. मागचा तुमच्याकडचा पाय दुसऱ्या पायाच्या पुढून ओलांडून पडला की ढील. डावीकडून तीन, उजवीकडून तीन. डावीकडून शिकलेलं उजवीकडून येतंच असं नाही, दोन्हीकडं वेगळं शिकवावं लागतं.

तिसरा, डोकं खाली. कानांमागं तळवा ठेवा, दुसऱ्या हातानं दोर खाली. नाकाड बोटभर खाली आलं की दोन्ही सोडा. मान वर असेपर्यंत जनावर धावायच्या तयारीत असतं, मान उतरली की अंग सैलावतं.

सकाळ-संध्याकाळ १५ मिनिटं. तासभर नाही. तिनं ओठ चाटले, उसासा टाकला, मागचा पाय सैल केला की त्या दिवसाचं थांबवा.

बोरीकाठ (पारोळा)

मागं सरणं चालू केलं, दोन पावलं येतात. भरडा दोन किलोवर आणला. पण फाटक तसंच आहे. दोन्ही बाजूंना भिंत, मधे जागा चार फूट, ती दाराला अंग घासत झेपावते. आणि मोकळी सोडताना मोहरकी काढली की लगेच वळून मागचे पाय झाडत पळते.

खरारा (शहादा)

फाटकाचा रस्ता अरुंद, त्यात तिचं अंग दारावर आपटलेलं असणार, म्हणून ती घाईत सुटते. घाई आणि भीती एकच. फाटक पूर्ण उघडून मागं बांधा, झुलतं ठेवू नका.

फाटकापासून ५ पावलं आधी थांबवा. एक पाऊल मागं, ढील. दोन पावलं पुढं, थांब, एक मागं. असं उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यावर ती घाई करेल तिथंच फेर घ्या: मान तुमच्याकडं, पुठ्ठा बाहेर, छोटा गोल, परत ५ पावलं मागून सुरुवात. पहिल्या दिवशी एकदा बाहेर पडायला २० मिनिटं लागली तरी लागू द्या. बाहेर पडल्यावर लगेच तोंड फिरवून तिला फाटकाकडं वळवा आणि तिथं थांबवा. झेपावून काहीच मिळत नाही हे तिला तिथं कळतं. भिंत आणि घोडी यांच्या मधे स्वतः कधीच अडकू नका. आधी तुम्ही पार व्हा, बाजूला सरा, मग ती.

ओढून निघालीच तर: दोर दोन्ही हातांनी तुमच्या कमरेजवळ घ्या, गुडघे वाकवा, आणि मागं नव्हे, बाजूला, तिच्या खांद्याकडं जा. मान वळेल, ती तुमच्याभोवती गोल फिरेल, गोल लहान करत थांबवा. ती आधीच तीन-चार उड्या पुढं गेली असेल, दोर टोकाला आला असेल, तर सोडून द्या. बंद आवारात सुटलेली घोडी परत सापडते.

मोकळी सोडताना: आधी तिला फिरवून तोंड फाटकाकडं आणि तुमच्याकडं. तुम्ही फाटकाला पाठ लावून. मोहरकी काढायच्या आधी गळ्यात दोराचा एक मोकळा वेढा, मग मोहरकी उतरवा, चार श्वास थांबा, डोकं खाली घ्यायला लावा, मग वेढा सोडा आणि तुम्ही एक पाऊल मागं. पळायला तिला आधी वळावं लागतं, तेवढ्यात तुम्ही दुगाणीच्या बाहेर. रोज हातातून घासभर लसूण घास जमिनीवर टाकूनच सोडा, मान खाली जाते आणि वळून पळायची घाई राहत नाही.

जुनी_पागा (दोंडाईचा)

भाऊ, घोडं वाईट नई शे, नवं शे. हे सगळं बरोबर, पण बांधण्याचं कुणी नीट सांगितलं नाही. आगाडी-पिछाडी ही जुनी आणि चांगली पद्धत: पुढून दोन दोर दोन खुंट्यांना, मागून पायांचा दोर मागच्या खुंटीला. शांत जनावर तसं निवांत उभं राहतं. पण घरी येऊन आठच दिवस झालेल्या घाबऱ्या जनावराला पिछाडी लावू नका. ते उसळलं आणि पाय अडकला तर मांडी मुरगळते, दोरानं खुराच्या वरची कातडी सोलते. पहिले दोन महिने फक्त पुढून.

खुंटा हलणारा नको. ट्रॅक्टरच्या चाकाला, जाळीला, खाटेला बांधायचं नाही, कारण ओढलेली वस्तू मागं येते आणि जनावर तिच्यापासूनच पळतं. बांधायची जागा तिच्या डोळ्याच्या उंचीला. मोहरकीपासून गाठीपर्यंत दोन फूट, त्याहून लांब ठेवला तर पाय दोरात जातो. खांबाला आधी सुतळीचा एक फास, आणि दोर त्या फासात, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीनं. खरंच घाबरून मागं बसली तर सुतळी तुटेल, मान वाचेल.

मागं बसायची खोड मोडायला बांधूनच ठेवायचं, असं काही जण करतात. मान आणि पाठ जन्माची दुखावते. त्यापेक्षा दोर खांबाभोवती एक वेढा देऊन टोक हातात धरा. ती मागं गेली की दोर जरा सरकू द्या, ती थांबली की सैल. लढायला समोर घट्ट काही मिळालंच नाही तर ती लढत नाही. समोर चारा ठेवा, शेजारी शेळी बांधा. एकटं घोडं ओरडणारच, ते कळपाचं जनावर.

काटेरी लगामाबद्दल: त्यानं जनावर डोकं वर फेकतं, मग मागच्या पायांवर उभं राहतं, आणि तुम्ही धरलेलं असाल तर अंगावर उलटतं. शिवाय काटे-गाठी असलेला लगाम केंद्राच्या १९६५ च्या भारवाहू जनावरांच्या नियमांत मनाच आहे. नवख्या जनावराला चालवायला तोंडात लोखंड नकोच, मोहरकी पुरते.

बोरीकाठ (पारोळा)

एक जण म्हणतो लांब दोरीवर रोज अर्धा तास पळवून दमवा, मग हातात घ्या.

खरारा (शहादा)

रोज पळवाल तर दम संपत नाही, वाढतो. महिन्यानं तीच घोडी तासभर पळेल आणि तरी उसळेल. शिवाय हे वय सांधे पक्के होण्याचं, घट्ट गोलात पळवलं की आतल्या बाजूच्या पायावर भार येतो.

लांब दोरी दमवायला नव्हे, ऐकायला शिकवण्यासाठी. आधी जवळच्या दोरावर "थांब" शब्दाला उभी राहायला हवी, मगच. दोरी ७-८ मीटर, म्हणजे गोल १५ मीटरचा. तुम्ही तिच्या खांद्याच्या किंचित मागं तोंड करून, छडी पुठ्ठ्याकडं. चालीपासून सुरुवात, दुडकी (मंद धाव) दोन फेरे, परत चाल, थांब. दर दोन-तीन फेऱ्यांनी बदल. चाल बदलली नाही तर ती स्वतःच्या धुंदीत पळत राहते. दोन्ही दिशा मिळून १०-१२ मिनिटं, आठवड्यातून तीनदा. दोरी जमिनीवर लोळू देऊ नका, तिच्या किंवा तुमच्या पायात येते.

दम खर्च करायचा असेल तर बागडोरीवर दोन-तीन किलोमीटर चालवा. वाटेत थांबा, वळवा, मागं घ्या, पाटाच्या कडेनं, चढावर. पौषातल्या गार सकाळी जनावर जास्त टणक असतं, तेव्हा ऊन पडल्यावर काढा. चैत्रापासून उलट, ४२-४४ अंशांत सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच.

जुनी_पागा (दोंडाईचा)

बुजण्याचं राहिलं. बुजलेल्या जागी ओढत नेऊन "बघ, काही नाही" करू नका. कान टवकारून ती जिथं थांबते तेवढंच अंतर तिचं आजचं. तिथं उभे राहा, मान उतरली की स्वतःहून दोन पावलं मागं घेऊन जा. मग पुन्हा थोडं जवळ. पन्नी काठीला बांधून एकानं पुढं चालत न्यायची आणि तुम्ही घोडी तिच्या मागं. दूर जाणाऱ्या वस्तूच्या मागं जनावर धीट होतं, अंगावर येणाऱ्याला भितं. मोटारसायकलही तशीच, आधी बंद उभी, मग चालू उभी, मग पुढं जाणारी, शेवटी समोरून येणारी. बुजताना पाठीवर थोपटू नका. हात स्थिर ठेवा, आवाज खाली. लग्नसराईत डीजेच्या वरातीजवळ या वर्षी नेऊच नका.

औषधपेटी (धुळे)

पोरांबद्दल. थांबणं, मागं सरणं, पुठ्ठा वळवणं हे तीनही परक्या माणसाच्या हातात, परक्या जागी, सलग दोन आठवडे हलक्या दोरावर होईपर्यंत पोरांच्या हातात बागडोर देऊ नका. खाऊ हातातून चारणं आत्ता बंद, खिसे हुंगत ढकलणं तिथूनच सुरू होतं.

बोरीकाठ (पारोळा)

फाटक आज दोनदा शांत झालं. आता नालबंद येणार आहे, पाय उचलू देत नाही. पुढचे देते, मागचे ओढून घेते.

खरारा (शहादा)

नालबंदाला आठवडाभर पुढं ढकला. तोवर तयारी तुम्ही करा, त्याच्या हातात शिकवायची वेळ आणू नका.

हात खांद्यावर ठेवून पाठीवरून पुठ्ठ्यावर, तिथून मांडीवरून खाली घसरवत न्या, मधे हात उचलू नका. शेपटीकडं तोंड, तिच्या अंगाला चिकटून उभे राहा. चिकटून असलात तर लाथेला वेग येत नाही, हातभर दूर असलात तर पूर्ण वेगात बसते. पाय झटकला तर हात सोडू नका, तिच्यासोबत हलू द्या, पाय टेकला की तुम्ही हात काढा. फारच झाडत असेल तर छडीला जुना हातमोजा बांधून दुरून मांडीवर, मागच्या गुडघ्यावर फिरवा, ती स्थिर झाली की छडी दूर.

पाय उचलल्यावर फक्त दोन सेकंद धरा आणि ती ओढायच्या आधीच तुम्हीच खाली ठेवा. मग ५, मग १०. उंच किंवा बाजूला ओढू नका. ५० इंची जनावराचा पाय माणसाच्या कमरेपर्यंत घेतला की तिचा तोल जातो, म्हणून ती पाय ओढते. तुम्हीच खाली वाका. खूर दुसऱ्या मागच्या पायाच्या ढोपराच्या खालीच राहू द्या. आणि उचलायच्या आधी ती चारही पायांवर चौरस उभी आहे ना बघा, पाय आखडलेला असला तर पुठ्ठा एक पाऊल सरकवून घ्या. धरलेल्या खुरावर हातोडीच्या दांड्यानं हलके ठोके देऊन सवय करा, नालबंदाचा आवाज नवा वाटू नये. बांधून नको, दोर धरायला दुसरा माणूस त्याच बाजूला उभा हवा ज्या बाजूचा पाय उचललाय. म्हणजे ती उसळली तर मान दोघांकडं वळते आणि पुठ्ठा दोघांपासून लांब जातो.

पहिल्या खेपेला फक्त कापून-घासून घ्या, नाल नको. मऊ वावरात काम चालू आहे तोवर तिला नालेची गरज नाही. पुढची खेप ६ ते ८ आठवड्यांनी.